मैद्यावर काढलेलं गाव

आधी तुर्की मावशींचं सांगते. साउथहॅम्प्टनच्या ज्या बेकरीत मी ट्रे धुते, तिथे त्या पाव भाजतात. त्या नसत्या तर मी परीक्षेला बसलेच नसते.

माझी शाळा आठवीत सुटली. लग्न होऊन इथे आले तेव्हा कळलं, राहायचं तर इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यावी लागते. आपल्या आवडीच्या विषयावर पाच मिनिटं बोलायचं. माझ्या गावावर बोलायला गेले की रडूच यायचं. मावशी त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "मग माझं घे. माझं रडून झालंय."

त्यांनी सांगितलेलं मी देवनागरीत लिहून घेतलं आणि पाढ्यांसारखं घोकलं. उत्तरेला डोंगर, त्यावर मेपर्यंत बर्फ. पायथ्याशी नदी, नदीवर दगडी पूल. वरच्या आळीत पूर्वी ग्रीक राहायचे. त्यांना देश सोडून जावं लागलं, दारांवर त्यांनी कोरलेली द्राक्षं तेवढी राहिली. मग रेल्वे आली, साखर कारखाना आला. कारखाना बंद पडला आणि गाडीही थांबेनाशी झाली.

परीक्षा घेणाऱ्या बाईंनी मध्येच विचारलं, "नदी उन्हाळ्यात आटते का?" मला मधूनच काही सांगता येईना. पहिल्यापासून सुरू केलं, उत्तरेला डोंगर. त्यांनी परत थांबवलं, मी परत डोंगरावर. वेळ संपली. नापास.

"अगं, गप्पा मारायच्या होत्या, आरती नव्हती म्हणायची," नवरा म्हणाला. महिन्याभरात माझा व्हिसा संपतोय.

दुसऱ्या दिवशी मावशींनी टेबलावर मैदा पसरला आणि बोटाने नदी ओढली.

"पाठ करू नकोस, चाल. पुलावर उभी राहा. काय दिसतं?"

"कारखाना."

"माझे वडील होते तिथे. आता डावीकडे वळ."

"तुमचं घर?"

त्यांचं बोट थांबलं. "आई गेली तेव्हा माझे इथे राहायचे कागद अडकले होते. जाता आलं नाही. आता तिथे कोण राहतं, कुणास ठाऊक." त्यांनी हाताने सगळं गाव पुसलं. "चल, ट्रे आण."

परवा पुन्हा परीक्षा आहे. पास होईन असं वाटत नाही. जीव नुसता टांगणीला लागलाय.

मावशी, तुम्हाला हे वाचता येणार नाही, तरी लिहून ठेवते. इथे राहिले तर इथून, परत पाठवलं तर तिथून, एक दिवस मी तुमच्या गावी जाईन. पुलावरून डावीकडे वळेन आणि तुमच्या दारात उभी राहून तुम्हाला फोन लावेन.