धड्याखालची बाई

शाळेची पुस्तकं जिथे तयार होतात त्या कार्यालयात त्यांना सगळे स्वाध्यायबाई म्हणत. धडा कुणीही लिहो, त्याच्याखालचे प्रश्न बाईंचे. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कारणे द्या, कोण कोणास म्हणाले. पोरांच्या एका अख्ख्या पिढीनं नावगाव ठाऊक नसताना जिच्या नावानं बोटं मोडली, ती हीच बाई. स्वभावानं हसरी, पण प्रश्नांच्या बाबतीत कुणाची भीडभाड ठेवायची नाही. धडा वाचून प्रश्न सुचला नाही, की बाई कागद घेऊन थेट लेखकाच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहत आणि म्हणत, की यात विचारण्यासारखं काही नाही, म्हणजे सांगण्यासारखंही नसावं. त्यामुळे भलेभले लेखक चहाच्या वेळी त्यांना पाहून जिन्याकडे वळायचे.

त्या वर्षी चौथीचं पुस्तक नव्यानं करायचं ठरलं. जुन्या पुस्तकात जग म्हणजे चार-दोन पाश्चात्य देश. राजे त्यांचे, शोध त्यांचे, यंत्रं त्यांची, आणि उरलेल्या सगळ्या पृथ्वीसाठी शेवटी एक पान, ‘नवलाचे लोक’. कुणाची मान लांब, कुणाचं घर बर्फाचं. खाली प्रश्न होता, ‘यांतील कोणती गोष्ट तुम्हांला सर्वांत विचित्र वाटली?’ हा प्रश्न बाई नोकरीला लागायच्या आधीपासून तिथे होता आणि बाईंच्या डोळ्यांत तो कायम कुसळासारखा सलायचा. नव्या समितीनं ते पान काढून टाकलं आणि उरलेल्या जगाला रीतसर धडे द्यायचं ठरवलं. नद्या, बाजार, खेळ, वाद्यं असे विषय हां हां म्हणता वाटले गेले. ‘दूरच्या बेटांवरची कुटुंबं’ हा विषय निघाला तेव्हा मात्र प्रत्येकाला आपापल्या कपात काहीतरी बघण्यासारखं सापडलं. अध्यक्षांनी टेबलाभोवती नजर फिरवली आणि म्हणाले, “स्वाध्यायबाई, तुम्हीच लिहा.”

बाईंना आधी ते खरं वाटेना. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या धड्यांखाली बसलेली बाई, तिला पहिल्यांदाच वरची जागा मिळत होती.

वाचनालयात बसून त्यांनी त्या बेटांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. एके ठिकाणी लिहिलं होतं, की तिथे आईच्या बहिणीही आयाच, बापाचे भाऊही बाबाच, आणि त्यांची सगळी पोरं ती सख्खी भावंडं. मावशीला तिथे वेगळा शब्दच नाही. बाईंनी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ त्या खिडकीतून समोरच्या सायकलींच्या दुकानाकडे बघत बसल्या.

त्याला कारण होतं. बाईंची धाकटी बहीण गेली तेव्हा तिची मुलगी अंगावर पिणारी होती. तिला बाईंनी वाढवलं. स्वतःचा संसार त्यांनी मांडला नाही. वेळच मिळाला नाही, असं त्या हसून सांगत. पोरगी बोलायला लागली तेव्हा बाईंच्या आईनं तिला पक्कं शिकवलं, ही मावशी, आई ती फोटोतली. शिकवलं ते बरोबरच होतं. त्यावर बाई कधी अवाक्षर बोलल्या नाहीत. पण शाळेच्या दारात बाकीची पोरं “आई” म्हणून धावत सुटायची तेव्हा, आपल्यालाही ही हाक एकदा मिळावी, असं बाईंना फार वाटायचं. पोरगी मोठी झाली, दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली, तरी ते वाटणं काही गेलं नाही.

तर धडा त्यांनी एका बैठकीत लिहून काढला. बेटावरची एक मुलगी, तिला तीन आया. एक मासे पकडण्यात पटाईत, एक चटया विणणारी, एक नुसतीच गप्पिष्ट. मुलीला वाटेल त्या आईकडे ती जेवते, वाटेल तिच्याकडे झोपते. घरी भाचीला मात्र बाईंनी या धड्याबद्दल ताकास तूर लागू दिली नाही.

अध्यक्षांना धडा आवडला, पण धास्तीही वाटली. पोरांचा गोंधळ उडेल, पालक भांडायला येतील. शेवटी ठरलं, की एका शाळेत धडा शिकवून बघायचा, अध्यक्षांनी स्वतः मागे बसायचं, आणि त्यांना पटलं नाही तर धडा रद्द. बाईंचा जीव टांगणीला लागला. धडा गेला असता तर जागा भरायला ते जुनं पान परत यायलाही वेळ लागला नसता.

चौथीच्या बाकावर अध्यक्ष बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते. शेजारी बाई. वर्गशिक्षिकेनं धडा वाचला आणि सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला. मागच्या दोन पाहुण्यांनाही दिला, कारण तिच्या वर्गात नुसतं बसून बघायची पद्धत नव्हती. काम एकच होतं, आपलं कुटुंब बेटावरच्या रीतीनं काढायचं.

पाचेक मिनिटं वर्ग शांत होता. मग जो कल्ला सुरू झाला तो विचारू नका. एका एकुलत्या एक मुलाला एकदम नऊ भावंडं झाली आणि तो बाकावर उभाच राहिला. दुसऱ्याचं तोंड उतरलं. त्याला चार आया निघाल्या होत्या, म्हणजे अभ्यास झाला का हे चौघी विचारणार. एका मुलीनं गंभीरपणे शंका काढली, की एका आईनं ओरडल्यावर बाकीच्या आयांनी परत ओरडायचं, की एकदा ओरडलेलं सगळ्यांच्या वतीनं धरायचं? यावर वर्गात दोन तट पडले. शिक्षिका हसता हसता फळ्याला टेकली.

बाईंनी हळूच शेजारी पाहिलं. अध्यक्षांना पाठचं-पोटचं कुणी नाही, हे कार्यालयात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी आपला कागद काठोकाठ भरला होता आणि ते पुढच्या मुलाला बोटानं ढोसून आणखी एक कागद मागत होते. एका नावाशी ते थोडे थांबले. हा चुलतभाऊ, त्याच्याशी आपण बोलत नाही, असं त्यांनी बाईंना हळूच सांगितलं. मग तेही नाव लिहिलं.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. पण तास संपता संपता मघाचा नऊ भावंडांचा धनी उठला आणि म्हणाला, “म्हणजे आपल्याकडची पद्धत भिकारच आहे.”

अध्यक्षांनी ते ऐकलं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ते बाईंना म्हणाले, “धडा राहील. छापायलाच हवा असा आहे. पण आधी ते लोक विचित्र ठरत होते, आता आपण भिकार ठरलो. कुणीच तसं ठरू नये, असा एक प्रश्न खाली हवा. प्रश्नांचं मी तुम्हांला काय सांगणार? उद्या सकाळी पुस्तक छपाईला जातंय.”

जन्मभर दुसऱ्यांच्या धड्यांना प्रश्न लावणाऱ्या बाईंना स्वतःच्या धड्याला एक प्रश्न सुचेना. बसमध्ये सुचला नाही, भाजी निवडताना सुचला नाही. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवायचं काम असल्यामुळे घरी आल्यावर भाचीचं स्वतःचं तोंड मिटत नसे. पण त्या संध्याकाळी बाई इतक्या गप्प होत्या, की तिनंच विचारलं, काय झालं? बाईंनी धड्याचे कागद मुकाट्यानं तिच्यापुढे सरकवले.

ती वाचत होती आणि बाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. आता ही ‘म्हणजे तू माझी आईच की’ असं म्हणणार, असं त्यांना वाटलं. भाचीनं शेवटचं पान संपवलं.

“म्हणजे या पोरीला मावशी नाहीच?”

“आहे की. तिला ती आई म्हणते.”

“तेच म्हणतेय मी. बिचारी.”

“बिचारी काय म्हणतेस?” बाईंच्यातली स्वाध्यायबाई उसळली. “असले शब्द काढून टाकायला तर एवढा खटाटोप केला.”

“बरं, बिचारी नाही. तीन आया आहेत, चैन आहे तिची. पण ती आपल्याकडे राहायला आली आणि तिनं मला विचारलं, मावशी म्हणजे कोण गं, तर?”

बाईंनी विचारलं, की काय सांगशील? भाचीनं कागद नीट जुळवून ठेवले. ती बाईंकडे न बघताच बोलली.

“सांगेन, की आईला सुटका नसते. पोर तिचंच असतं. मावशीला सुटका होती, कुणी तिला नावं ठेवली नसती. ती गेली नाही. आजीनं शिकवलं म्हणून मी तुला मावशी म्हणते असं वाटतं का तुला? मला कळायला लागल्यावर मी हवं ते म्हणू शकले असते. मला यापेक्षा मोठा शब्द सापडला नाही.”

बाईंना रडू आलं. हसूही आलं. पदरानं डोळे पुसत त्यांनी पेन मागितलं आणि धड्याखाली शेवटचा प्रश्न लिहिला, ‘बेटावरची मुलगी तुमच्या घरी राहायला आली आहे. मावशी म्हणजे कोण, हे तिला समजावून सांगा.’ भाचीनं तो वाचला, चालेल म्हणाली, आणि भूक लागल्याची तक्रार करत ताटं घ्यायला गेली. आतून तिनं नेहमीसारखी हाक मारली, “मावशी, येतेस ना?”

इतकी वर्षं ‘आई’ या एका हाकेसाठी बाई झुरल्या होत्या. त्या घटकेला कुणी त्यांना आई म्हणून हाक मारली असती, तर त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नसतं.