बासी म्हणजे शिळं नव्हे

दीड महिना झाला. सकाळी सातला प्राचीचा फोन आला. प्राची ही माझ्या कॉलेजातल्या शिक्षिका लांजेवारबाईंची भाची. भिलाईतच वाढली, मराठी घरापुरती. "मावशी, आत्या... सुबह उठलीच नाही," एवढंच म्हणाली. मी होते तशी रिक्षा करून रुआबांध्याला बाईंच्या घरी पोचले. पिकलं पान गळालं तर रडू नये म्हणतात, पण मी चांगली ओक्साबोक्शी रडले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून प्राची काशाची एक बटकी, म्हणजे खोलगट वाडगं, घेऊन आली. बाईंनी रात्री पाण्यात घालून ठेवलेला भात होता त्यात. "ये तो बासी है, मावशी. फेकून देऊ?" रडता रडता मला हसू फुटलं. माझं अख्खं आयुष्य याच एका शब्दावर उभं आहे, हे त्या पोरीला कुठून ठाऊक असणार! "ठेव तिथंच," मी म्हटलं.

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता ते दिवस. दर महिन्याला क्षितिजावर नवीन काहीतरी दिसायचं, आणि आमचे बाबा, दुर्ग स्टेशनवर गार्ड होते ते, आपणच बांधल्यासारखं कौतुकानं दाखवायचे. आमच्या मुलींच्या कॉलेजात मात्र गृहविज्ञान म्हणजे लोणची आणि भरतकाम. तिथं भंडाऱ्याहून लांजेवारबाई आल्या. तिशीच्या, सायकलवर बसणाऱ्या, बोलायला फटकळ. येताच त्यांनी हट्ट धरला की इथं आहारशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम पाहिजे, प्रयोगशाळेसकट, आणि विद्यापीठाला पत्रांवर पत्रं धाडली. "पोलाद किती निघंन ते सारे मोजून राहिले," त्या म्हणायच्या, "मजुराच्या पोटात काय जाते ते कोण मोजंन?" माझा जीव तर त्या अभ्यासक्रमात अडकला होता. शिकायला बाहेरगावी पाठवणार नाही, हे बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि गोंदियाचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. अभ्यासक्रम आला तर मी शिकणार. नाही आला तर गोंदिया.

विद्यापीठानं कळवलं, आधी काही काम करून दाखवा, मग समिती पाठवू. बाईंनी आहाराच्या पाहणीचा फॉर्म तयार केला आणि आम्हा सहाजणींना मरोद्याच्या मजूरवस्तीत धाडलं. पुढारी मी! मातीकामावरच्या बायकांना, तिथं त्यांना रेजा म्हणत, मी ऐटीत हिंदीत विचारायची, सकाळी काय खाता? प्रत्येकीचं एकच उत्तर, "बासी." आता हिंदीत बासी म्हणजे शिळं, हे काय मला शिकवायला पाहिजे? मी रकान्यात 'शिळे अन्न' लिहीत गेले आणि शेवटी लाल शाईनं अधोरेखित करून शेरा मारला, की अज्ञानापायी हे लोक शिळे खातात, ही सवय मोडली पाहिजे. अहवाल विद्यापीठाला गेला. मी हवेत होते.

समिती शुक्रवारी येणार होती. त्या मंगळवारी बाई सहज म्हणून मला घेऊन मरोद्याला गेल्या. बिसाहिन नावाची एक रेजा जेवायला बसली होती. बटकीत ताज्या भातात रात्रीच मुद्दाम पाणी घालून ठेवलेलं, वर मीठ, शेजारी कांदा आणि चेंच नावाची पालेभाजी. बाईंनी विचारलं, शिळं कशाला खातेस गं? ती आधी समजलीच नाही; तिच्या छत्तीसगडीत बासी हे या पदार्थाचंच नाव. मग तिनं बटकी पुढं सरकवली. "खाबे तब न जानबे, बाई," म्हणाली. खाशील तेव्हाच कळेल. बाई मांडी घालून बसल्या आणि चट्टामट्टा करून पाण्यासकट सगळं संपवलं. मी बघतच राहिले.

परत येताना त्यांनी सायकल हातात धरली होती. "शालू, बासी म्हंजे काय, हे तू यायले विचारलं होतं का?"

"नाही बाई."

"कावून?"

"सुचलंच नाही," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मले तरी कुठं सुचलं? फॉर्म मीच बनवला ना. समितीले सांगून टाकू, चुकलो म्हणून." मी रडकुंडीला आले. अभ्यासक्रम जाईल, मला गोंदिया दिसायला लागलं. बाई म्हणाल्या, "जाईन तर जाईन. पोरी, कच्च्या पायावर कारखान्यातली मुतारीसुद्धा नाही बांधत कोणी."

तीन दिवस आम्ही वस्तीत नुसत्या धावत होतो. सगळे फॉर्म नव्यानं! कोण भाताबरोबर काय खातं, पाणी पितं की टाकतं, तान्ह्या पोरांना काय मिळतं... आणि खरी कमतरता तिथंच सापडली. पोरांच्या वाट्याला पेजेपलीकडे काही येत नव्हतं, आणि माझ्या लाल शेऱ्यात त्यांचा शब्दही नव्हता. शुक्रवारी तीन साहेब आले. बाईंनी उभं राहून आधी चूक सांगितली, मग बिसाहिनला पुढं आणून तिची बासीची बटकी टेबलावर ठेवली. अध्यक्ष मूळचे अमरावतीचे. वाकून वाकून बघत म्हणाले, "अहो, पण या पाण्यात आहे तरी काय?" घाईत बाई थेट भंडाऱ्याच्या बोलीवर आल्या. "माहीत नाही साहेब. तेच शोधाले तर प्रयोगशाळा मांगून राहिली मी."

साहेब असे हसले की बाहेरच्या मुली आत डोकावल्या. महिन्याभरात मंजुरी आली. अडगळीच्या खोलीत दोन शेगड्या, एक तराजू आणि मधोमध ती बटकी, हे आमचं आहारशास्त्र! गोंदियाचं स्थळ दुसरीकडे जुळलं, माझ्या आशीर्वादासकट. पहिला धडा शेवटपर्यंत एकच राहिला. ज्या अन्नाबद्दल विचारायचं ते आधी खायचं. तो द्यायला दरवर्षी बिसाहिन यायची, आणि मुली तिला मास्टरीन म्हणायच्या. पुढं त्याच खोलीत मीही शिकवलं. गावी परतताना बिसाहिननं ती बटकी कायमची बाईंना देऊन टाकली. तेव्हापासून बाई रोज झोपण्यापूर्वी तीत भात भिजत घालायच्या.

त्या दिवशी घाटावरून परतलो, आंघोळी झाल्या. बटकी ओट्यावर तशीच होती. प्राचीला मी जवळ बसवलं, मीठ घातलं, कांदा फोडला. पहिला घास तिला दिला, उरलेला भात मी खाल्ला. ती पाणी मोरीत ओतायला उठली, तेव्हा तिचा हात धरला. बाईंनी भिजवलेलं ते शेवटचं पाणी आम्ही दोघी वाटून प्यायलो.