खिडकीत न दिलेला फॉर्म

बहिणीचा कॉलेजचा फॉर्म मी खिडकीत दिलाच नाही, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही भांडुपला चाळीत राहायचो. बहीण बारावी झाली आणि मानसशास्त्रच शिकायचं म्हणून बसली. घाटकोपर-मुलुंडकडच्या ज्या दोन-तीन कॉलेजांत तिने चौकशी केली तिथे तो विषय नव्हता. होता फोर्टातल्या एका कॉलेजात. बाबा हसले, "वेड्यांची डाक्टरीण होतलंस की काय गो?" पण नको म्हणाले नाहीत. माझी नोकरी फोर्टातच, म्हणून फॉर्म द्यायचं काम माझ्याकडे आलं.

रांगेत उभा असताना मी तो वाचला. हा विषय का निवडलात, या रकान्यात तिने लिहिलं होतं, माझी आई कधी कधी आठ-आठ दिवस कुणाशी बोलत नाही. दरवर्षी गावी जाऊन आम्ही देवाला गाऱ्हाणं घालतो. तिला काय होतं ते मला समजून घ्यायचं आहे.

आईचं हे आम्ही चाळीला कळू दिलं नव्हतं. ती नळावर दिसली नाही की आम्ही 'कंबर धरलीय' म्हणून सांगायचो. त्यात माझ्यासाठी एक स्थळ आलेलं; आईचं बाहेर फुटलं असतं तर ते मोडलं असतं. रांगेत माझ्यापुढे दोघंच उरली होती. मी फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली आणि रांगेतून बाहेर पडलो.

"पावती?" घरी तिने विचारलं.

"तसलं काही देत नाहीत गं."

यादी लागली त्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. काचेवर बोट ठेवून तिने यादी तीनदा वाचली. मी शेजारीच उभा होतो.

"जाऊ दे रे दादा, माझेच मार्क कमी पडले," ती म्हणाली. "तू उगाच तिष्ठलास रांगेत." आणि मलाच उसाचा रस पाजला.

ती घाटकोपरला अर्थशास्त्र शिकली, बँकेत लागली. ते स्थळ जमलं. तीच माझी बायको. आईचे अबोल दिवस आले की बहीण संध्याकाळी तिच्या मागे बसून केस विंचरायची, बँकेतल्या गमती सांगत राहायची, उत्तराची वाट न बघता. एकदा बऱ्याच दिवसांनी आई एकदम म्हणाली, "हळू गो, दुखता."

बहिणीने फणी खाली ठेवली आणि रडायला लागली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

आई आता नाही. तो फॉर्म माझ्या कपाटात आहे. अजूनही कुणाच्या मुलांचे निकाल लागले की बहीण हसत म्हणते, "माझे मेले मार्कच कमी पडले."

तो फॉर्म मला तिच्या हातात द्यायचा आहे. तुझे मार्क कमी पडले नव्हते, मी फॉर्म दिलाच नव्हता, हे तिच्यासमोर बसून सांगायचं आहे. एवढं मी तिचं देणं लागतो.