चोरओटीचं आवण

पळसदरीच्या धोंडीला लग्नं जुळवायची खाज होती. कुणाच्या पडवीत तो सकाळीच येऊन बसला की घरच्यांनी ओळखायचं, आपली पोर लग्नाची झाली. आईबापांनासुद्धा ते धोंडीकडूनच कळायचं. आगगाडी घाट चढायला लागली त्याला वीसेक वर्षं झाली असतील; त्या सुमाराला कर्जत-खालापूरकडच्या निम्म्या घरांत धोंडीनं जुळवलेली जोडपी सुखानं भांडत होती.

पण त्याची रीत जगावेगळी. बाकीचे सोयरीकवाले कूळ बघतात, देवक बघतात, पोरीची चाल बघतात. धोंडी पाणी बघायचा. मुलाच्या घरी गेला की हातातला गुळाचा खडा तोंडात टाकायच्या आधी विचारायचा, "आषाढात नदी कुठवर येते तुमच्याकडं?" मग उठून ओट्याच्या पायऱ्या बघणार, भिंतीवरचा चिखलाचा डाग नखानं खरवडून बघणार, आणि मुलगा मात्र नवं मुंडासं बांधून तसाच बसलेला. कुंभिवलीच्या जयवंतानं तर त्याला तोंडावर विचारलं होतं, "धोंडीबा, तू पोरीला नवरा बघतोस का म्हशीला डुंबायची जागा?"

धोंडीचं म्हणणं सरळ होतं. नदीकाठच्या घरात सून आणायची ती डोंगराकडच्या गावची, आणि डोंगराकडच्या घरात आणायची ती काठावरची. काठाला पूर आला तर सुनेचं माहेर कोरडं. डोंगरातून वणवा उतरला तर सुनेचं माहेर ओलं. जिचं सासर-माहेर एकाच काठावर, अशा एका बाईची दोन्ही घरं त्यानं तरुणपणी पुरात पाहिली होती. दोन्हीकडची माणसं आपापल्या आढ्यावर बसून एकमेकांच्या मदतीची वाट बघत होती. हाका मात्र खणखणीत ऐकू येत होत्या म्हणे.

एवढ्यावर तो थांबला नाही. लग्न ठरवताना डोंगराकडच्या बापाला तो एक अट घालायचा: दरसाल पालापाचोळ्याचा राब भाजून भाताचं रोप करशील, म्हणजे आमच्याकडचं आवण, तेव्हा एक वाफा जास्तीचा लेकीच्या नावानं पेरायचा. काठाचं आवण वाहून गेलं तर हे तिकडं न्यायचं. लोक त्याला 'लेकीचा राब' म्हणायला लागले. लागला नाही तर श्रावणात बैलांना घालत, आणि बैल धोंडीला दुवा देत. कळंबला, नदीच्या अगदी मांडीवर बसलेल्या त्या गावात, धोंडीनं अशा सात पोरी दिल्या होत्या. एक जयवंताची, एक धोंडीची स्वतःची बायजा, बाकीच्या इकडच्या-तिकडच्या. काय दूरदृष्टी! काय बंदोबस्त! धोंडी स्वतःच म्हणायचा, म्हणून सांगतो.

आणि एका आषाढात कळंबची नदी खरंच आली.

ही बातमी पळसदरीला आणली ठमीनं. डोंगरावरच्या वाडीतली ही बाई रानभाज्या आणि मोळ्या विकत गावोगाव फिरायची. भाजी विकायला एक घटका घ्यायची आणि बोलायला चार. "घरं उभी हायती," ती म्हणाली, "माणसं बी हायती. पण आवण गेलं समदं. खाचरात निस्ता गाळ. लावणीला काडी नाय उरली."

धोंडीच्या तोंडावर दुःख आलं, पण त्याच्या मागून आनंद डोकावत होताच. इतक्या वर्षांचा बंदोबस्त आता उपयोगी पडणार! सात गावांतून भारे निघतील, कळंबची खाचरं हिरवी होतील. तो ओट्यावर बसला आणि वाट बघायला लागला.

कुणीच निघालं नाही.

ठमी दुसऱ्या फेरीला आली तेव्हा तिच्याकडं सगळी खबर होती. कुंभिवलीला जयवंता आवण उपटून, जुड्या बांधून, खांद्याला घोंगडी टाकून तयार बसला होता. मग निघत का नाही? तर बोलावणं नाही. लेकीच्या सासरी बिनबोलावता जाणारा बाप म्हणजे फुकट्या. गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. सातही बाप तसेच तयार, तसेच बसलेले. मग कळंबवाले बोलावत का नाहीत? मुलाकडचा मान मोठा. तो सुनेच्या माहेरापुढं हात कसा पसरणार? बायजाची सासू सोनुबाई साऱ्या कळंबच्या वतीनं ठमीला म्हणाली होती, "इवायाकडं मागू? त्यापरीस नदीत जाईन. आन् लांब जायला नको, दारातच हाय."

धोंडीनं कपाळाला हात लावला. "काय माणसं ही! तिकडं आवणीचे दिवस सरत चाललेत, आन् हे मानपान करत बसलेत!"

चुलीपाशी बसलेली त्याची बायको इंदूबाई म्हणाली, "मग तुमी का नाय जात? तुमचा बी राब हायच की."

"मी? बोलावल्याबिगर? मी काय मांजर हाय लोकांच्या घरात शिरायला?"

"मांजर बरं. दूध तरी मिळतं त्याला."

 इंदूबाई एवढ्यावर थांबणारी नव्हती, कारण तिच्या पोटात वेगळीच भीती होती. लग्नाला काही वर्षं होऊनही बायजाला मूल नव्हतं. सोनुबाई मुलाला दुसरी बायको करायच्या गोष्टी शेजारणींशी मोठ्यानं बोलायची. बायजाला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं. आता खाचरंही ओस राहिली तर म्हातारीला आयतं निमित्त मिळणार होतं: ही पांढऱ्या पायाची, हिच्यामुळं घरात मूल नाही आणि शेतात भात नाही. दिवाळीच्या आत बायजाच्या उरावर सवत येणार, हे इंदूबाईला लख्ख दिसत होतं.

"पोरीला दिवस असते," ती डोळे पुसत म्हणाली, "तर चोरओटी घेऊन कवाच गेले असते मी. त्याला कुठं लागतं बोलावणं?"

धोंडी ताडकन उठला.

चोरओटी म्हणजे तिसऱ्या महिन्यातली ओटी. पोर पोटुशी आहे हे जगाला कळायच्या आत माहेरच्या बायका गुपचूप जाऊन तिची ओटी भरून येतात. चोरून जायचं, तर त्याला आमंत्रण कसलं? धोंडीनं ठमीला हाक मारली. "ठमे, तुझ्या तोंडात एक गोष्ट घालतो. सात गावांत सांडशील?"

"एका बी गावात सांगू नको म्हणालास तर ते अवघड हाय," ठमी म्हणाली. "सांडायला काय!"

गोष्ट अशी होती: कळंबला तुमच्या लेकीला दिवस गेलेत. तिसरा लागलाय. आणि डोहाळे काय लागलेत, तर हिरव्या आवणाचे. चिंच नको, आंबा नको, ओटीत आवण पाहिजे.

"सातजणींना एकदम?" ठमीनं विचारलं.

"पाण्याचा गुण म्हणावं."

इंदूबाईनं त्याचा हात धरला. "बायजाचं नाव नका घेऊ. सोनुबाई तिला सोलून खाईल."

"तिचं नाव गाळलं तर मी कुठल्या तोंडानं जाऊ? आन् मी गेलो नाय तर बाकीचे जातील व्हय?"

 इंदूबाई खण आणि नारळ काढायला आत गेली.

त्यानंतर कळंबच्या वाटांवर जे दिसलं तशी चोरी या मुलखात पुन्हा झाली नाही. सात गावांहून, भर दुपारी, सात चोरओट्या निघाल्या. पुढं खण-नारळ पदराखाली लपवलेल्या बायका, पाठीमागं डोक्यावर हिरवेगार भारे घेतलेले बाप, चुलते, मामे. वाटेत गाठ पडली की सगळे एकमेकांकडं न पाहिल्यासारखं करत. जयवंतानं धोंडीला बघितलं आणि तोंड फिरवून म्हणाला, "आमी आपलं सहज निघालोय." त्याच्या मागं सहज निघालेली चौदा माणसं होती.

कळंबच्या सासवांची तर बोलतीच बंद झाली. दारात विहीण उभी, हातात नारळ, तोंडावर हसू. आणि आपल्या सुनेला दिवस गेलेत हे आपल्यालाच ठाऊक नाही! पण कुठली सासू तसं कबूल करेल? सात घरांत सात सासवा एकाच सुरात म्हणाल्या, "व्हय व्हय, तिसराच. आमी काय बोललो नाय, दृष्ट लागू नये म्हनून." नवरे डोकं खाजवत गोठ्यात निघून गेले.

बायजानं आईला कोपऱ्यात ओढलं. "आये, माझ्या पोटात काय हाय ते पळसदरीला कसं कळलं? मला तर अजून नाय कळलं."

"गप बस आन् ओटी धर."

सोनुबाई बायजाकडं बघत होती, मग दाराबाहेरच्या हिरव्या भाऱ्यांकडं. तिला सगळं कळलं असणार. ती काही खुळी नव्हती. पण ती पुढं झाली, स्वतःच्या हातानं पाट मांडला आणि आलेल्या बायकांना म्हणाली, "सून माझी नाजूक हाय. लवकर भरा ओटी, उभं ऱ्हाववत नाय तिला."

आता ओटीत घातलेलं परत करायचं नसतं, आणि आवण कोनाड्यात ठेवायची वस्तू नव्हे. ते खाचरातच जायला हवं. शिवाय पुरुषांची वेगळी अडचण होती. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, अशी रीत. घरात बसावं तर कुणीतरी पाणी पुढं करणार, मग नाही म्हणायची ओढाताण. त्यापेक्षा खाचरात उतरलेलं बरं. सातही माहेरं गुडघाभर चिखलात वाकली आणि तहान लागली की तोंड वर करून पाऊस पिऊ लागली. दुसऱ्या दिवशी कळंब हिरवं झालं.

त्या वर्षी सोनुबाईला सवतीचं नाव काढता येईना. पोटुशा सुनेवर दुसरी आणणारी सासू म्हणजे गावाच्या तोंडी आयतं खाद्य. बायजाचे ते सहा महिने सुखात गेले. कुणी तिला जड हंडासुद्धा उचलू देईना.

पौषात मात्र माहेरं बाळं बघायला आली.

सात पाळणे अपेक्षित होते, निघाले दोन. त्या दोघींनीही, ठमीच्या सांगण्याप्रमाणं, केवळ योगायोगानं मान राखला होता. बाकीच्या पाच घरांत सासवा म्हणत होत्या, "लांबलंय जरा." जयवंताची लेक त्या दोघींत नव्हती. त्यानं विचारलं, "लांबलंय म्हंजे किती? पोर येतंय का घाटातनं चालत?" मग सगळं फुटलं, आणि चार चिडलेल्या बापांनी धोंडीला सोनुबाईच्या अंगणात गाठलं.

"आमाला फसवलंस! खोटी ओटी भरायला लावलीस!"

"तुझ्या हातची सोयरीक आता कुनी घेनार नाय!"

"बिनबोलावता गेलो ना आमी! सारं गाव बघत होतं!"

धोंडी खाली मान घालून उभा होता. त्याला स्वतःची काळजी नव्हती. डोळा सगळा पडवीतल्या बायजावर. खोटं उघडं पडलं होतं, आणि म्हातारी आता काय बोलते यावर पोरीचा संसार लटकलेला.

सोनुबाई कणगीपाशी उभी होती. कणगी काठोकाठ भरलेली. आत नव्या भाताची हंडी रटरटत होती आणि वास अंगणभर सुटला होता.

"इवाय," ती जयवंताला म्हणाली, "खोटं होतं हे खरं. मग तुमचं आवण परत घेऊन जा. कापलंय, मळलंय, कांडलंय, तेवढं जुळवून घ्या."

जयवंता कणगीकडं बघत राहिला.

"आन् माझ्या लेकाला दुसरी करायची होती मला, हे ह्या गल्लीला ठाव हाय. बघत होते मी. पन ज्या ज्या घरी पोरगी हाय ते घर काठावर हाय. पूर आला की आमी बी आढ्यावर, ते बी आढ्यावर. ह्या धोंडीनं डोंगराकडच्या समद्या पोरी दिऊन टाकल्या." तिनं बायजाकडं बोट केलं. "हिच्या माहेराएवढं उंच माहेर मला मिळनार नाय. तवा ही हाय ती बरी हाय. जेवून घ्या."

आता इथं पुन्हा रीत आडवी आली. ज्यांना नातू झाला त्या दोघांनी पानं मांडून घेतली. बाकीचे चार, आणि पाचवा धोंडी, आपणच लावलेल्या भाताचा वास घेत अंगणात उभे राहिले. शेवटी सोनुबाईनंच हंडी उचलून मारुतीच्या देवळात नेली. "देव कुनाचा इवाय नाय," म्हणाली. चौघांनीही जेवताना धोंडीला शिव्या दिल्या आणि दोनदोनदा भात मागून घेतला.

त्याच्या सोयरिकी बंद होतील असं वाटलं होतं, पण उलटंच झालं. काठावरच्या सासवा आता मुलगी सांगून आली की आधी विचारू लागल्या, माहेर किती उंचावर हाय? आणि बोलावण्याचा प्रश्न कायमचा मिटला. मान दोन्हीकडचा राहिला आणि निरोप मात्र गेला. पूर येवो, आग लागो, काठावरून एवढंच कळायचं की पोरीला डोहाळे लागलेत. कसले, हे ठमी सांगायची: कधी आवणाचे, कधी दोरखंडाचे, एकदा तर छपराच्या पेंढ्याचे. कितवा महिना, हे कुणी विचारायचं नाही.

पुढं चार वर्षांनी कळंबची नदी परत चढली तेव्हा ठमी धापा टाकत पळसदरीला आली. या खेपेला तिला निरोप खुद्द सोनुबाईनं दिला होता.

"म्हातारी म्हनते, मलाच डोहाळे लागलेत."

"तिला?" इंदूबाईच्या हातातलं सूप हातातच राहिलं. "साठी उलटली की गं!"

"मी बी तेच म्हनले. तर म्हनते, पाण्याला वय सांगत बसू व्हय?"

इंदूबाई खण-नारळ काढायला आत गेली. धोंडीनं राबातलं आवण उपटायला घेतलं. वाटेत ज्यानं विचारलं त्याला तो गंभीर तोंडानं सांगत गेला, "विहीणबाईंची चोरओटी हाय." आणि ऐकणारा न हसता घरात जाऊन आपला भारा घेऊन येत होता.