दोन्ही खांद्यांवरचा पदर

आमच्या घरात माझ्या पदराचं फार कौतुक होतं. नव्वदच्या सुमाराला लग्न होऊन मखमलाबादला आले, तेव्हापासून मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेते. फुलं तोडताना, भाकरी थापताना, नाशकात गोदेकाठी, गंगेवरच्या बाजारात हार विकायला बसले तरी. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "सायखेड्याची हाय. चौथीच शिकली, पण मर्यादा बघा." मी खाली मान घालून ऐकायची.

मर्यादेचं त्यात काही नव्हतं. माझी डावी छाती उजवीच्या निम्मी आहे. वयात आले तेव्हापासून तशीच. पदर दोन्हीकडून घेतला की कळत नाही, एवढंच.

हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. शिंप्यापुढे कधी उभी राहिले नाही, मापाला जुना ब्लाउज पाठवून द्यायची. नवा शिवून आला की डाव्या बाजूला आतून जुन्या धोतराच्या कापडाची घडी टाचायची. धुतल्यावर ती घडी लवकर वाळत नसे, म्हणून माझा ब्लाउज दोरीवर नेहमी टॉवेलच्या खाली. दोन मुलं झाली, दोघांना पाजलं. इतक्या वर्षांत आमच्या ह्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांच्या लक्षात आलं नाही, की येऊनही ते गप्प राहिले, ते मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

मग दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली. नामपूरकडची, दहावी झालेली. पदर कमरेला खोचून वाफ्यात उतरायची आणि हसली की पलीकडच्या मळ्यात ऐकू जायचं. नवऱ्याशी सगळ्यांसमोर बोलायची. सासूबाई तिला दिवसातून एकदा तरी म्हणायच्या, "थोरलीकडं बघून शिक जरा." ती "हो आत्याबाई" म्हणायची आणि पदर तसाच ठेवायची. खरं सांगते, तोवर मला तिचा राग नव्हता. उलट ती आल्यामुळे माझं कौतुक वाढलंच होतं.

तिच्या दुसऱ्या मुलाचं अंगावर पिणं सुटलं, त्यानंतरची गोष्ट. आम्ही दोघी झेंडू तोडत होतो. ती सहज म्हणाली, "ताई, माझी उजवी बाजू लय मोठी होऊन उतरलीय बघा. डावी पहिल्यासारखीच. ह्यांनीच आधी पाहिलं. म्हणाले, खांदा दुखतो का गं तुझा? दवाखान्यात दाखवू."

मी फुलं तोडतच राहिले. तिच्या दुखण्याचं मला काही वाटलं नाही. माझ्या डोक्यात तिचं एवढंच बसलं, "ह्यांनीच आधी पाहिलं." पुढे कितीतरी दिवस मी ते वाक्य मनात घोळवत होते. कुणाचा नवरा बघतो आणि विचारतोसुद्धा.

सासूबाई म्हणाल्या, झाकलेल्या अंगाला कोण बघतं, कशाला सोंगं. पण धाकटीच्या खांद्यावर आतल्या बॉडीच्या पट्ट्याचा वळ उठला होता, छातीखाली कातडीला घामोळं येऊन ती सोलली होती. दीर हटून बसला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, जा, पण थोरलीला घेऊन जा. असल्या ठिकाणी शहाणं माणूस पाहिजे.

डॉक्टर बाई होत्या. दीर बाहेर बसला, आम्ही दोघी आत. तपासून झाल्यावर बाईंनी आधी सोनोग्राफी करायला सांगितली, गाठ वगैरे नाही ना ते बघायला. मग कागदाच्या मागे चित्र काढलं. धाकटीने कुठेतरी ऐकलं होतं, त्यात रबरासारखी पिशवी बसवतात. ती आधीच म्हणाली, "बाहेरचं काही माझ्यात घालू नका." बाई म्हणाल्या, तुला त्याची गरजच नाही. मोठी बाजू कमी करायची. आतलं जास्तीचं मांस आणि वरची जास्तीची कातडी काढायची, राहिलेलं वर उचलायचं. काळ्या गोलाभोवती एक चीर आणि तिथून खाली एक. कुणाचं नुसतंच उतरलेलं असलं तर मांस न काढता कातडी आवळूनही भागतं, पण तुझं तेवढ्यावर भागणार नाही. व्रण राहील, आधी लाल, वर्षभराने फिका. तिथली जाणीव थोडी कमी होऊ शकते. आणखी मूल हवं असेल तर थांब, कारण पुढे त्या बाजूला दूध येईल की नाही याचा भरवसा नाही. धाकटी म्हणाली, दोन झाली, बास.

मी त्या खोलीत एकच प्रश्न विचारला. अजून आठवला की कानशिलं तापतात. "आणि लहान बाजूच मोठी करायची असली तर?"

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, पोटाची नाहीतर मांडीची चरबी नळीने काढून लहान बाजूला भरता येते. काही डॉक्टर करतात. पण त्यातली बरीच अंगातच जिरून जाते, मग परत भरावी लागते. फरक मोठा असेल तर मोठी बाजू कमी करणंच बरं. "आणि तंतोतंत सारखं होईल असं मी कुणालाच सांगत नाही," असंही म्हणाल्या.

धाकटी हसली. "ताई, माझी लहान बाजू चांगली आहे की."

मला तोवर वाटायचं, माझी डावी बाजूच खोटी आहे. तिच्यात भर घालायची, हे मी चौदाव्या वर्षापासून करत होते. उजवी कमी करता येते हे कधी मनातच आलं नव्हतं.

घरी आल्यावर दिराने तिला विचारलं, बाई काय म्हणाल्या. तिला धड काही सांगता येईना. तिने मला हाक मारली. मी स्वयंपाकघराच्या दारात, भिंतीकडे बघत, सगळं सांगितलं. टाके कधी काढायचे, आवळ बॉडी सहा आठवडे रात्रंदिवस घालायची, वजन उचलायचं नाही. सूज उतरून खरा आकार दिसायला काही महिने लागतील, तोवर घाबरायचं नाही. धाकटी म्हणाली, "ताईंना तर पाठच झालंय." पण कुणाला संशय आला नाही. शहाणं माणूस म्हणूनच तर मला पाठवलं होतं.

सोनोग्राफीत गाठ निघाली नाही. ऑपरेशन झालं. तिची मुलं, तिचं जेवण, सगळं माझ्याकडे आलं. दीर बाजारातून येताना तिच्यासाठी मोसंबी आणायचा आणि खाटेवर बसून सोलून द्यायचा. मी दुसऱ्या खोलीतून बघायची.

टाके काढल्यावर तिने मला आत बोलावून दार लावलं आणि ब्लाउज काढला. "बघा, ताई. खरं सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही."

मी बघितलं. निळसर होतं, सुजलेलं होतं, खाली दोऱ्यासारखी लाल रेघ होती. पण चांगलं झालं होतं. मला वाटलं होतं त्याहून कितीतरी चांगलं. दोन्ही बाजू एका ओळीत आल्या होत्या. सुजेमुळे उजवी थोडी भरलेली दिसत होती, एवढंच.

मी म्हणाले, "फरक आहे गं अजून. एवढं करून तसंच राहिलं."

तिने बटणं लावली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

त्यानंतर तिचं हसणं बंद झालं. चौथ्या दिवशी दीर गोठ्यात माझ्यामागे आला. "वहिनी, बाई सुजेचं काय म्हणाल्या होत्या? ती म्हणते सगळं वाया गेलं. बॉडी काढून फेकली तिने. जखम दाखवायलाही येत नाही म्हणते." मी गाईपुढे चारा टाकत म्हणाले, "आठवत नाही, भाऊजी." तो परत गेला.

बॉडी काढून फेकली, हे ऐकून मात्र माझे हात थांबले. बाईंनी कागदावर बोट ठेवून सांगितलं होतं, आवळून ठेवलं नाही तर जखमेवर ताण येतो, व्रण रुंद होतो. तेही मला पाठ होतं.

मी आत गेले, दार लावलं. ती भिंतीकडेच तोंड करून होती. मी म्हणाले, "सूज आहे ती. काही महिने राहते. बाईंनी सांगितलं होतं. फरक नाही, चांगलं झालंय."

ती उठून बसली. "मग तसं का बोललात? काय शे ते सांगा एकदा." माहेरची बोली तिच्या तोंडात रागातच यायची.

मी पदर खाली सोडला, ब्लाउजची बटणं काढली. धोतराची घडी टाचलेली होती तीही तिला दिसली.

ती कितीतरी वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता सगळ्या घराला हाक मारील. ती म्हणाली, "आणि आम्हाला तुमच्या पदराची शिकवण होय, ताई?" आणि तिला हसू आलं. हसताना जखम दुखली म्हणून छातीशी हात धरून हसत राहिली. मला रडू येत होतं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "दादांना माहिताय?"

"ह्यांना विचारलं नाही कधी."

"एवढ्या वर्षांत?"

मी मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला सहन झालं नाही. कीव होती ती. मी कोपऱ्यातली बॉडी उचलून तिला घातली, मागचे हूक लावले आणि स्वयंपाकाला गेले.

तिचा व्रण आता फिका झालाय. ती मला दरवर्षी म्हणते, चला, त्याच बाईंना दाखवू. मी म्हणते, झेंडू निघू दे, मग शेवंती निघू दे. गेले नाही. जायचं तर ह्यांना सांगावं लागेल, आणि ते काय म्हणतील याचीच भीती वाटते. माहीत होतं म्हणाले तरी, आणि नव्हतं म्हणाले तरी.

हेवा गेला असं लिहिलं तर खोटं होईल. मागच्या दसऱ्याला आम्ही सगळ्या फुलं तोडत होतो. धाकटीचा पदर कमरेला, नेहमीसारखा. बांधावरून सासूबाई ओरडल्या, "थोरलीकडं बघ जरा. एवढी वर्षं झाली, कधी ढळला का तिचा पदर?" शेजारच्या चार बायका ऐकत होत्या. धाकटी एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं, आणि मी तिच्याशी जे केलं होतं त्यापुढे ते काहीच नव्हतं.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो आत्याबाई. ताईंसारखं कुणाला जमतंय." आणि पुढच्या झाडाकडे सरकली.

तिचे उपकार वाटण्याऐवजी मला पुन्हा तिचा हेवाच वाटला. हेही तिलाच जमतं.