कुंडलिक कासाराची सायकल

कुंडलिकतात्या कासार तीस वर्षं पायी हिंडून बांगड्या विकत होते, आणि एकतिसाव्या वर्षी सायकलवर बसले. साल बावन्न-त्रेपन्न असेल. मी तेव्हा पणदऱ्याच्या पुढच्या एका गावात मास्तर होतो आणि बारामतीहून रोज सायकलनं जा-ये करायचो. तात्याही बारामतीचेच. वाटेत गाठ पडायची, म्हणून ओळख.

सायकल जुनी होती, पण तात्यांनी तिला हिरवा रंग दिला होता. मागच्या कॅरिअरवर लाकडी पेटी, पेटीत गवत, गवतात बांगड्या. तात्यांना चालवता झकास यायचं. चढता मात्र यायचं नाही. मैलाच्या दगडापाशी सायकल उभी करायची, दगडावर पाय ठेवायचा आणि टांग टाकायची, अशी त्यांची रीत. त्यामुळे एकदा बसले की पुढचा दगड येईपर्यंत उतरायचं नाव नाही. समोर म्हैस येवो, मेंढरं येवोत की बैलगाडी, तात्या घंटी वाजवत, जमेल त्या फटीतून निघून जायचे.

"तात्या, जरा थांबत जावा," मी एकदा म्हणालो.

"थांबलो तर परत चढू कुठं? दगड काय खिशात घालून हिंडू?" ते म्हणाले.

लगीनसराईत एक दिवस ते माझ्या शाळेच्या गावी निघाले होते. दत्तोबा पाटलांच्या मुलीचं लग्न दोन दिवसांवर आलेलं, आणि पेटीत सगळ्या वऱ्हाडाच्या हिरव्या बांगड्या. पणदऱ्याच्या अलीकडे कालव्याच्या कडेनं गेणबाची गाडी चालली होती. गेणबा त्याच गावचा, उसाची आणि गुळाची वाहतूक करणारा, अंगानं आडदांड आणि बोलायला फटकळ. त्या दिवशी गाडी रिकामी होती, पण जोडीतला उजवा बैल नवा होता.

तात्यांनी मागूनच घंटीचा सपाटा लावला आणि उजव्या बाजूनं गाडीला भिडले. नवा बैल बुजला. गाडी रस्त्यात आडवी वळली, चाक तात्यांच्या पुढ्यात आलं, आणि तात्या सायकलसकट, पेटीसकट शेजारच्या पाण्याच्या चारीत गेले.

गेणबानं आधी बैल आवरले, मग चारीत उतरून तात्यांना वर काढलं. लागलं फारसं नव्हतं. गुडघा सोलला होता, इतकंच. पण पेटी उघडली तर आत नुसता हिरवा चुरा. कासाराच्या घरात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तात्या पाण्यात पाय सोडून बसले आणि म्हणाले, "सगळ्या वाढल्या."

गेणबाला त्यांची दया आली असेल, पण तो तापलाही होता.

"घंटी कुणाला वाजवत होता?"

"तुमाला. बाजूला व्हा म्हणून."

"मी बाजूला हुईन वो, बैलाला काय कळतंय? मागनं कायतरी कर्रकर्र वाजतंय, दिसत तर कायच न्हाय. जनावर बुजणार न्हाय तर काय करंल? आन् तुमाला तोंड न्हाय व्हय? तीस वर्सं आळीआळीनं 'बांगड्याऽ बांगड्याऽ' वरडताय. माझ्या बैलाला दोन शब्द बोलायला काय झालं हुतं?"

गेणबानं सायकल गाडीत टाकली, तात्यांना बसवलं, आणि गाडी उलटी वळवून त्यांना थेट बारामतीला घरी पोचवलं. तात्यांच्या कारभारणीनं, सारजाबाईंनी, घरातला आणि भावकीतला मिळेल तेवढा माल गोळा केला. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः गेणबाच्या गाडीतून गेल्या आणि लग्नघरच्या बायकांना बांगड्या भरून आल्या. लग्न हिरव्या हातांनीच लागलं.

त्यानंतर महिनाभर तात्यांनी सायकल हातात धरून चालवली. पेटी कॅरिअरवर आणि तात्या बाजूनं पायी. पायात जोर होता, पण मनात भीती बसली होती. मागून गाडीचा आवाज आला तरी ते रस्ता सोडून उभे राहायचे.

सारजाबाई हसून म्हणाल्या, "तुमी सायकल वापरताय, का सायकल तुमाला वापरतीया?"

आणि नुसत्या हसल्या नाहीत. पहाटे उठून नवऱ्याला रानात घेऊन गेल्या. त्यांनी कॅरिअर धरून ठेवायचं आणि तात्यांनी पायडलवर एक पाय ठेवून, दुसऱ्यानं जमीन रेटत चढायचं. आठ दिवसांत तात्या दगडावाचून चढायला आणि कुठंही उतरायला शिकले. पुन्हा रस्त्यावर आले तेव्हा माणूस बदलला होता. गाडी दिसली की वीस पावलं आधीच त्यांचा आवाज यायचा, "आलो रं राजा, उजव्या अंगानं चाललोय, भिऊ नगंस!" मग सावकाश, हातभर जागा सोडून पुढं. समोरून कुणी येत असलं तर खाली उतरून उभं राहणं. पुढं पुढं बैलही त्या आवाजाला नुसता कान हलवायचे. मीही तसंच ओरडायला लागलो. पहिल्यांदा लाज वाटली, मग सवय झाली.

दोनएक वर्षांनी उसाच्या हंगामात गाड्या फार वाढल्या. एकामागं एक वीस-पंचवीस गाड्या, वाढ्यांसकट, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यासकट, ऊस मागं हातभर बाहेर आलेला. साखर कारखान्यात कामाला जाणारी सायकलस्वार मंडळीही वाढली. त्यातला जयवंता नावाचा एक जवान गडी एका सकाळी गावाअलीकडच्या कालव्याच्या पुलाच्या तोंडावर दोन गाड्यांच्या मधून घुसला. त्याच्या गळ्याचं हाड मोडलं आणि एका बैलाच्या पायाला मोठी जखम झाली.

संध्याकाळी चावडीपुढं सगळे गाडीवान जमले. दत्तोबा पाटलांनी निकाल दिला, "उद्यापासनं हंगाम सरंपातुर पूल ते गाव कुणी सायकलवर बसायचं न्हाय. दीड मैल हातात धरून चालायचं."

मी म्हणालो, "पाटील, शाळा उघडायला उशीर होईल."

"गुरुजी, लवकर उठा," गेणबा म्हणाला, आणि सगळे हसले. सायकलवाले चिडले. "तुमच्या गाड्या रस्ताभर पसरत्यात, झोपा काढत चालवताय," अशी उत्तरं सुरू झाली. आवाज चढले.

तात्या पलीकडच्या ओट्यावर कुणाच्या तरी सुनेला बांगड्या भरत होते. त्यांनी तिच्या हातातली शेवटची बांगडी सांभाळून वर सरकवली, मग उठून आले.

"पाटील, मला एक डाव बोलू द्या. सकाळी गेणबानं माझ्या कॅरिअरवर बसायचं, आन् गुरुजींनी गेणबाची गाडी हाकायची. पुलापातुर. मग काय ठरवायचं ते ठरवा."

गेणबा म्हणाला, "मी बसतो की! त्यात काय हाय?"

सकाळी निम्मं गाव बघायला आलं. मी उसानं लादलेल्या गाडीवर पुढं बसलो, कासरे हातात घेतले. गेणबाचा भाऊ जोडीला होता म्हणून बरं. मागं उसाची भिंत, त्यामुळे मागचं काही दिसत नव्हतं. चाकं इतकी करकरत होती की ऐकूही काही येत नव्हतं. मधेच एकदम बैलाच्या शिंगापाशी एक सायकल उगवली. कुणीतरी मुद्दाम पाठवलेला सायकलवाला होता तो, न बोलता आलेला. माझ्या हातून कासरा सुटला. भावानं धरला नसता तर मीच कालव्यात गेलो असतो.

मागं काय झालं ते मला नंतर कळलं. माझ्यामागच्या गाडीच्या पाठीशी तात्यांची सायकल होती. तिच्यावर गेणबा दोन्ही बाजूंना पाय सोडून बसलेला. पुढच्या गाडीवानानं खड्डा चुकवायला गाडी उजवीकडं घेतली आणि उसाची टोकं गेणबाच्या नाकासमोरून गेली.

"अरं थांब! थांब! सांगता येत न्हाय व्हय गाडी वळवताना?" गेणबाची आरोळी चाकांच्या करकरीतूनही माझ्यापर्यंत आली.

"मी रोज हेच बघतो, गेणबा," तात्या धापा टाकत म्हणाले. "उतरता का? चढाला जड हुतंय."

पुलापाशी पोचलो तेव्हा गेणबा घामेजला होता आणि मी कासरे त्याच्या भावाकडं देऊन खाली उडी टाकली. लोक हसून हसून दमले. पाटलांनी बंदी तिथंच मागं घेतली. त्याऐवजी सगळ्यांनी मिळून ठरवलं की गाड्यांनी डावी कड धरायची, शेवटच्या गाडीवर जागा माणूस बसवायचा, आणि गाडी वळवायची झाली तर आधी हाळी द्यायची. सायकलवाल्यांनी बोलून, गाडीवानाचा 'या' ऐकूनच पुढं जायचं, आणि अरुंद पुलावर सगळ्यांनी खाली उतरायचं. काही जण विसरायचे, शिव्या खायचे, पुन्हा शिकायचे. त्या हंगामात मात्र पुन्हा कुणाचं हाड मोडलं नाही.

जयवंता सव्वा महिन्यानं परत रस्त्यावर आला. त्या सकाळी मी आणि तात्या मागून येत होतो. गेणबाच्या गाडीमागं तो सायकल धरून उभा राहिलेला, पुढं व्हायची हिंमत होईना.

गेणबानं वळून हाक मारली, "या की, रस्ता मोकळा हाय!"

जयवंता हलला नाही. तात्या त्याच्याजवळ उतरले, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "माझ्या मागच्या चाकाकडं बघत ये. दुसरीकडं बघू नगंस."

मग ते पुढं निघाले, सावकाश, नेहमीसारखं बैलांशी बोलत. त्यांच्यामागं जयवंता, ओठ घट्ट मिटून. गाडी ओलांडून झाली तरी तो फर्लांगभर तसाच तात्यांच्या चाकाकडं बघत राहिला. मग त्यानं मान वर केली, आणि तात्यांच्या बरोबरीनं येऊन काहीतरी बोलायला लागला. काय ते मला मागं ऐकू आलं नाही. दोघंही हसत होते.