दाराजवळच्या खुर्च्या

किस्से साठवायचे म्हणून कुणी साठवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या क्लासच्या ऑफिसात टेबलाखाली जुन्या टेस्टच्या पेपरांचे गठ्ठे पडलेले असायचे, तसेच. फेकायला जावं तर वरचाच पेपर हातात येतो आणि माणूस वाचत बसतो. माझ्याकडं असा एक गठ्ठा लातूरच्या उन्हाळ्यातल्या नव्या सिनेमांचा आहे. भूकंपानंतरच्या दुसऱ्या मे महिन्याचा.

तेव्हा लातुरात दोन गोष्टींना ऊत आला होता. एक क्लासेस आणि दुसरी भीती! नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव-बिलोलीपासूनचे आईबाप बारावीच्या पोरांना घेऊन यायचे, खोली भाड्यानं घ्यायचे, आणि खोली बघताना पाण्याचा नळ बघायच्या आधी छत बघायचे. मी एका क्लासच्या ऑफिसात क्लार्क. बिराजदार सर तिथं फिजिक्स शिकवायचे. समोर सलीमभाईंचं झेरॉक्सचं दुकान, आमच्या साऱ्या नोट्स तिथंच निघायच्या. आम्ही तिघं दर शुक्रवारी तीन ते सहाला नवा सिनेमा गाठायचो.

खरं सांगतो, मला सिनेमाचा नाद नाही. नाद होता माझ्या बायकोला, मंगलला. तिच्या माहेरी टुरिंग टॉकीज यायची आणि ती आईसोबत पोत्यावर बसून एकेक सिनेमा दोनदोनदा बघायची. भूकंपात माहेरचं घर पडलं आणि तिची आई गेली. तेव्हापासून मंगल छताखाली बसली नव्हती. स्वयंपाक अंगणात, झोपही अंगणात उघड्यावर. घरात जायची ती डबा घ्यायला, आणि घेतला की धावत बाहेर. म्हणून सिनेमा मी बघायचो आणि संध्याकाळी चहा पिता पिता तिला सांगायचो. माझी सिनेमाची मतं ही अशी, दुसऱ्यासाठी बनवलेली!

* * *

तिकिटाच्या खिडकीवर पूर्वी विचारायचे, "बाल्कनी का स्टॉल?" त्या वर्षी लोक आधीच सांगायचे, "दाराजवळचं द्या!"

टॉकीज कडेकडेनं भरायची. चारी दारांजवळ गर्दी, मधल्या खुर्च्या मोकळ्या. एखादा पैपाहुणा मध्ये जाऊन ऐसपैस बसला की सगळे त्याच्याकडं काळजीनं बघायचे.

बिराजदार सर आम्हाला समजावायचे, "अरे, वर पत्रा आहे, त्याखाली लोखंडी कैच्यांचा सांगाडा आहे. वजन वाटलं जातं. काही होत नाही." आणि हे सांगत सांगत सर दाराला लागून असलेली पहिली खुर्ची धरायचे.

सलीमभाई म्हणाले, "सर, फिजिक्स तर तुम्हाला येतंय. मग भेता कामून?"

सर म्हणाले, "मला येतं हो. छताला येतं का ते माहीत नाही!"

* * *

सिनेमा कसा होता, हे मी एकाच हिशेबानं ठरवायचो. तीन तासांत मी किती वेळा वर बघितलं? पाचपेक्षा कमी असेल तर सिनेमा चांगला. त्या मे महिन्यात एक बदल्याचा सिनेमा आला होता. मारामाऱ्या भरपूर, हिरो एकटा वीस जणांना लोळवतो. मी सव्वीस वेळा वर बघितलं. एक कॉलेजातल्या प्रेमाचा होता, त्यात गाणी बरी होती म्हणून अकरा.

सरांची पद्धत वेगळी. ते शंभरपैकी मार्क द्यायचे आणि क्लासच्या सवयीनं चुकीला मार्क कापायचे. बदल्याच्या सिनेमाला त्यांनी उणे चार दिले!

मंगलला मात्र या कशाचंच घेणंदेणं नव्हतं. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "माय हाय का त्यात? जगती का शेवटपस्तोर?"

आता आपल्या सिनेमांत आई असतेच. आणि बऱ्याचदा मध्यंतराच्या आत जातेही. मला तिच्यासमोर ते बोलायची हिंमत होत नव्हती. मग मी आईला वाचवायचो. गोळी लागली तर दवाखान्यात न्यायचो, आजारी असली तर औषध लागू पडायचं. एका सिनेमात आई दहाव्या मिनिटाला वारली होती. तिला मी शेवटच्या लग्नापर्यंत नेऊन अक्षता टाकायला लावल्या!

पुढच्या आठवड्यात शेजारणीनं तोच सिनेमा बघितला आणि येऊन मंगलला खरं काय ते सांगितलं. मी आत बसून ऐकत होतो. शेजारीण गेल्यावर मंगलनं मला चहा आणून दिला आणि म्हणाली, "तिच्यापेक्षा तुमचाच सिनेमा बरा व्हता."



* * *

त्याच सुमारास टॉकीजवाल्यांनी नवीन साउंड बसवला. मोठमोठे खोके, जाहिरात अशी की आवाज पोटात घुमेल! पहिल्याच शुक्रवारी एक डोंगर फोडायचा सीन आला, खुर्च्या थरथरल्या, आणि अख्खी टॉकीज दोन मिनिटांत बाहेरच्या मैदानात! आत डोंगर फुटतोय आणि बघायला कुणी नाही.

लोक परत आले ते भांडत. "रीळ मागं घ्या, आमचा सीन गेला!" रीळ मागं घेतलं, डोंगर पुन्हा फुटला, आणि लोक पुन्हा बाहेर.

दुसऱ्या दिवसापासून मध्यंतरात काचेवर हातानं लिहिलेली पाटी पडद्यावर दिसू लागली. 'प्रेक्षकांस विनंती. पुढील गडगडाट सिनेमातला आहे. कृपया बसून राहावे.'

पाटी वाचून सगळे हुश्श करून बसले. तेवढ्यात मागून एक म्हातारा ओरडला, "आन् नेमका तवाच खरा झाला तर वो?"

 उरलेला सिनेमा सगळ्यांनी उभ्यानं बघितला!

* * *

सुट्टीतली बॅच चालू होती, पण शुक्रवारी अर्धी बॅच टॉकीजमध्ये असायची. एकदा मध्यंतरात दिवे लागले आणि बिराजदार सरांना समोर ओळीनं त्यांचेच विद्यार्थी दिसले. पोरांनी तोंडावर रुमाल धरले, सरांनीही धरला!

शेवटी सरच उठले. कडक आवाजात म्हणाले, "उद्या तिसऱ्या धड्यावर टेस्ट आहे!"

एक पोरगी धीटपणे म्हणाली, "सर, तिसरा धडा तुम्ही शिकवलाच न्हाई."

तिच्याशेजारी तिचे वडील बसले होते, नायगावकडचे शेतकरी. ते वळून म्हणाले, "मग आत्ता शिकवा की सर. धा मिन्टं हायती. पोरीचं मेडिकलचं वर्ष हाय, लई जीव टांगणीला लागलाय बगा."

सर हाडाचे मास्तर. खुर्चीच्या पाठीला धरून त्यांनी शिकवायला सुरुवात केली. धडा नेमका कंपनांचा होता. वस्तू आपल्या ठरावीक लयीत हलते, बाहेरचा धक्का त्याच लयीत बसला की ती कशी जोरात हलायला लागते, इमारतीसुद्धा कशा डोलतात, सगळं सरांनी झकास समजावलं. पोरांना कळलं, पोरांच्या आईबापांना कळलं, शेंगदाणे विकणाऱ्यालाही कळलं.

घंटा झाली, दिवे गेले, आणि गर्दीमुळं मध्ये बसावं लागलेल्या चार ओळी मुकाट्यानं उठून दाराकडं सरकल्या.

* * *

एक सिनेमा नांदेडला आठवडाभर आधी लागला. सलीमभाईंचे मेहुणे तिथं होते, म्हणून आम्ही एस.टी. धरून गेलो. तिथली टॉकीज मधोमध गच्च भरलेली! आम्ही तिघांनी मात्र चांगली तिकिटं असून दाराजवळच्या मोडक्या खुर्च्या मागून घेतल्या.

सिनेमा सुरू झाल्यावर डोअरकीपर बॅटरी घेऊन आला, आमच्या तोंडावर उजेड मारला आणि म्हणाला, "लातूरचे हाव का तुमी?"

सलीमभाई म्हणाले, "हाव. पण तुम्हाला कसं कळलं?"

"हिरोईन नाचून राहिली आन् तुमी तिघंबी वर बघून राहिले!"

* * *

आणि मग मंगलच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. जूनच्या पहिल्या आठवड्यातलं. मुलाकडच्यांनी लातुरातलाच हॉल ठरवला, वर पक्का स्लॅब. मी मांडवाचं सुचवून बघितलं, त्यांनी उन्हाचं कारण सांगून विषय संपवला. आई नाही, म्हणजे आईच्या जागी उभी राहायची ती मंगलच. बहीण येऊन तिच्या गळ्यात पडून रडली. "ताई, तू न्हाई आलीस तर मी बोहल्यावर चढणार न्हाई."

मंगल नुसतीच म्हणाली, "बघू." मला तेव्हापासून झोप नाही. ही दारात उभी राहिली आणि आत आलीच नाही तर? त्या पोरीनं कुणाकडं बघायचं?

सर म्हणाले, "सोपं आहे. थेट बोर्डाला कुणी बसतं का? आधी टेस्ट सिरीज घेऊ!"

पहिली टेस्ट म्हणजे टॉकीजच्या पोर्चमध्ये उभं राहून नुसते फोटो बघायचे. मंगल दहा मिनिटं उभी राहिली, पास! दुसरी टेस्ट, दारातून एक गाणं बघायचं. दुसऱ्या कडव्याला ती रस्त्यापलीकडं दिसली. सलीमभाई म्हणाले, "वहिनी, अर्धं गाणं झालं, पस्तीस मार्क तर पडलेच!" मंगल तेव्हा किती दिवसांनी हसली. तिसरी टेस्ट पूर्ण सिनेमाची. आणि तो सिनेमा सरांनी आधी एकट्यानं बघून ठेवला होता. "आई मरत नाही," ते मला कानात म्हणाले, "मी शेवटपर्यंत बसून खात्री केली आहे."

त्या शुक्रवारी मंगल आली. येताना पिशवीत तीन स्टीलचे पेले घेऊन आली! ती आमची त्या वर्षातली घरोघरची रीत होती. एक पेला उपडा, त्यावर एक सुलटा, त्यावर पुन्हा एक उपडा. जमीन जराशी हलली तरी मनोरा कोसळतो, आवाज होतो आणि माणसं बाहेर पळतात. मंगलनं दाराजवळची खुर्ची घेतली, पायाशी फरशीवर मनोरा रचला आणि पदर तोंडात धरून बसली. शेजारी मी, पलीकडं सर, त्यांच्या पलीकडं सलीमभाई. आजूबाजूच्या लोकांनी पेले बघितले, पण कुणी हसलं नाही. उलट एक बाई म्हणाली, "बरं केलंत बाई, आमचं बी ध्यान ऱ्हाईल."

सिनेमा जत्रेत हरवलेल्या पोराचा होता. मी पडदा बघतच नव्हतो. मंगलचा हात बघत होतो, तो खुर्चीच्या दांड्याला घट्ट धरलेला होता. मध्यंतर झालं. ती उठली नाही. मी विचारलं, "जायचं का?" तिनं मान हलवली, नाही. 

सिनेमा शेवटाकडं आला. बसून बसून माझ्या पायाला मुंग्या आल्या, म्हणून मी पाय जरासा लांब केला.

खण्ण!

आता बघा, पाय माझा, धक्का माझा, पेले माझ्या घरचे. पण तो आवाज कानात शिरला आणि मला काही म्हणजे काही सुचलं नाही. "पळा!" असं सगळ्यात आधी जो ओरडला, तो मीच! माझ्यामागं सर, सलीमभाई, ती बाई आणि अख्खी टॉकीज. खुर्च्या धडाधड उडाल्या, चपला सुटल्या, आणि बघता बघता सगळे बाहेर उतरत्या उन्हात एकमेकांकडं बघत उभे.

सर धापा टाकत म्हणाले, "वहिनी कुठं आहेत?"

मी गर्दीत शोधलं. रस्त्यापलीकडं बघितलं. पोर्चमध्ये बघितलं. मंगल कुठंच नव्हती. बायकोला आत सोडून मी पळालो होतो! आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही आणि इतकी भीतीही. ती खाली पडली असेल, चेंगरली असेल, बेशुद्ध असेल. डोक्यात काय काय येऊन गेलं. सलीमभाई धरत होते, त्यांचा हात झटकून मी आत धावलो.

आत अंधार. सगळ्या खुर्च्या रिकाम्या. पडद्यावर सिनेमा चालूच होता.

मंगल आपल्या खुर्चीवर बसली होती. तिनं फरशीवरचे पेले उचलून एकात एक घालून मांडीवर ठेवले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ती पुसतही नव्हती.

"मंगल!" मी ओरडलो. "अगं, चल बाहेर!"

तिनं पडद्यावरची नजर हलवली नाही. फक्त माझ्या बाहीला धरून मला खाली ओढलं.

"बसा की गप. हिरोची माय सापडून राहिली!"